घोड्याचे बूट

एनॉक टोपलिस इंग्लंडातल्या एका काउंटीच्या क्रिकेट संघासाठी पगारावर चेंडू टाकायचा. घरी मोजे विणायचा माग होता, पण मागावर पाठ मोडायची. इथे निदान मोकळी हवा तरी होती. संघाचे हौशी कप्तान हार्कोट साहेब पुढच्या फाटकातून मैदानात उतरायचे, पगारी गडी मागच्यातून.

त्या उन्हाळ्यात एनॉकचा उजवा खांदा धरला. त्याच सुमारास मैदान राखणारा म्हातारा वारला आणि कामासोबत मिळालेलं त्याचं फाटकाजवळचं घर रिकामं झालं.

"टोपलिस," साहेब म्हणाले, "शेजारच्या काउंटीला गुंडाळ. घर तुझं."

सामन्याच्या सकाळी त्याची बायको कझाया खांद्यावर हंसाची चरबी चोळत होती.

"साहेबांना सांग ना, दुखतंय म्हणून."

"सांगितलं की घर दुसऱ्याला गेलंच."

"आणि हात गेला तर?"

"जाऊ दे. छपराखाली झोपायला हात कशाला लागतो?"

"देवाची परीक्षा बघू नकोस, एनॉक."

साहेबांनी त्याला दिवसभर चेंडू टाकायला लावलं. जरा हळू चेंडू पडला की विचारायचे, "काय रे, म्हातारा झालास?" लोक हसायचे. शेवटच्या गड्याची यष्टी उडाली, तेव्हा ओलं कापड फाटावं तसं खांद्यात काहीतरी फाटलं. लोकांनी साहेबांना खांद्यावर घेतलं. एनॉक मागच्या फाटकाने निघाला, हात नुसता लोंबत होता.

घर द्यायच्या दिवशी साहेबांनी त्याच्या हाती लांब दांड्याचा विळा दिला. मैदान राखणाऱ्याने गवताचा एक पट्टा कापून दाखवायचा, ही तिथली जुनी रीत. एनॉकने जोर लावला. विळा घसरून जमिनीत रुतला. पुन्हा उचलला, पुन्हा रुतला.

"राहू दे," साहेब हळूच म्हणाले. "घर गवत कापणाऱ्याचं असतं, टोपलिस."

"साहेब, हात तुमच्याच खेळात गेला त्याचा," कझाया म्हणाली.

"खेळात लागायचंच, बाई. दुखत होतं तर बोलायचं होतं त्याने."

कझायाने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

साहेबांना दया आली. मैदान सपाट करायचा रूळ ओढणाऱ्या घोड्याचा लगाम धरायचं काम त्यांनी त्याला दिलं. त्या घरात दुसरंच कुटुंब आलं. त्यांच्या खिडकीसमोर एनॉक रोज सकाळी गुडघे टेकतो. गवत खराब होऊ नये म्हणून घोड्याच्या चारी पायांत चामड्याचे बूट चढवावे लागतात. डाव्या हाताने बूट धरायचा आणि पट्टा दातांनी ओढायचा.

घोडा गरीब आहे. पाय हलवत नाही.