शाल-नारळ आणि नववीच्या पोरी

महेश्वरीसारखी बाई लोहारा तालुक्यात दुसरी दाखवा! थोरला भाऊ गोरोबा, सवता आठवीतनं उठला, पर बहिणीला मास्तरीण करूनच थांबला. उगं न्हाय.

दुसऱ्या शाळांत शरीराचा धडा आला की मास्तर खाकरतात अन् म्हणतात, "हा घरी वाचा." महेश्वरीनं शनिवारचा शेवटचा तास धरला, दार लोटलं, अन् नववीच्या पोरींना पाळी कशी येते, मूल कसं राहतं, कुणी नको तिथं हात लावला तर कुणाला सांगायचं, समदं सरळ सांगितलं. आधी पोरी ओढणीत तोंड खुपसून हसायच्या. मग विचाराय लागल्या. जाई तर म्हणाली, "बाई, मग आई मला लोणच्याला का शिवू देत न्हाय?"

तेवढ्यात कळलं, जिल्ह्याचे शिक्षण खात्याचे साहेब येणार. ह्या तासाचा फायदा होतो का ते पोरींनाच विचारणार. न्हाय दिसला तर तास बंद.

"येऊ द्या," महेश्वरी म्हणाली. "माझ्या पोरी अडायच्या न्हाईत."

पर साहेब म्हटलं की हेडमास्तर उमाशंकरांना शाल-नारळच सुचतो. त्यांनी सरपंचापासून पालकांपर्यंत साऱ्यांना आवतण धाडलं. वर्गातच खुर्च्या मांडल्या.

"सर, ह्यांना भाईर बसवा."

"बाई, पाहुण्याला उठवायचं? काहीतरीच तुमचं!"

सत्कार झाला. साहेबांनी विचारलं, "पाळी का येते? कोण सांगतं?"

जाईनं हात अर्धा उचलला. समोर खुर्चीत तिचे आजोबा दगडोबा, फेटा बांधून बसलेले. ते नुसते खाकरले. हात खाली गेला. मग एकबी पोरगी बोलंना. साऱ्याजणी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसल्या.

"बाई, वर्षभर शिकवलं काय तुम्ही?"

महेश्वरीचं तोंड लालबुंद झालं. "सायेब, ही माणसं जरा भाईर काढा, मग विचारा."

साहेबांनी घड्याळ बघितलं, नारळ काखेत घेतला अन् गाडीत बसले.

जाता जाता दगडोबा खूश होऊन म्हणाले, "बाई, लई वळण लावलंत पोरींना. एक शब्द बोलल्या न्हाईत!"

तास बंद झाला. शनिवारी आता पोरी मैदान झाडतात.

झाडू टाकून जाई जवळ आली. "बाई, मला समदं येत होतं."

"ठाव हाय गं. काय विचारायचं असलं तर माझ्या घरी येत जा."

"आजोबांना काय सांगू, कशाला चालले म्हणून?"

महेश्वरी तिच्या ओढणीवरची धूळ झटकत राहिली.

"राहू द्या मग," जाई म्हणाली, अन् झाडू उचलला.