उजव्या डोळ्यावरची पट्टी

अठराव्या वर्षी माझी ठाम समजूत होती, की मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा अख्ख्या वर्धा जिल्ह्यात काय त्या मलाच पाठ आहेत. वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी नर्सिंग शिकत होते. तिथं पाच-सहा डॉक्टर होते, पण त्यांना मी जमेत धरत नव्हते.

पाठांतराची युक्ती माझी स्वतःची. एकेक नस मी घरातल्या माणसांना वाटून टाकली होती. पहिली वासाची, ती आत्याला. तिसऱ्या घरी काय शिजतंय हे ती आमच्या चुलीपुढे बसून सांगायची. आठवी कानाची, ती आज्याला. त्याला ऐकूच येत नसे, म्हणून त्या नसेचा आजारही सोबतच पाठ झाला. दहावी मानेतून, छातीतून भटकत थेट पोटापर्यंत जाते; ती आर्वी-आष्टीचे बाजार पालथे घालणाऱ्या काकाला. अकरावी खांदे उडवायची. ती थोरल्या भावाची, कारण काहीही विचारलं तरी तो तेवढंच करायचा. बारावी जिभेची, ती माझीच, हे सांगायला नको. सातवीला मात्र माणूस सापडेना. ओठ हलवणं, डोळा मिटणं, कपाळाला आठ्या घालणं, सगळा चेहरा तिच्या ताब्यात. ती तशीच बेवारस राहिली.

आमचं गाव आर्वीच्या बाजूला. बा आर्वीच्या जिनमध्ये कापसाच्या गाठी ओढायचा. आदल्या वर्षी तो नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन पांढऱ्या कपड्यांत परतला, त्यानं घरातला देव्हारा रिकामा केला आणि त्या कोनाड्यात माझी पुस्तकं ठेवली. आत्याला हे काही झेपलं नव्हतं. पोरगी एवढी शिकली तर नवरा कुठून आणायचा, हा तिचा रोजचा प्रश्न. शेवटी घरात ठरलं, की मी शेवटची परीक्षा एका झटक्यात पास झाले तर नोकरी. नापास झाले तर पुस्तकं बंद आणि आत्यानं हेरून ठेवलेलं आष्टीकडचं स्थळ. ही अट मीच हसत कबूल केली होती. नापास होणं ही दुसऱ्या मुलींची सवय आहे, असं मी तेव्हा म्हणाल्याचं आठवतं. त्या पोरीला आज भेटले तर कान पिळीन.

परीक्षेआधी अभ्यासाला पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली. थंडीचे दिवस. एस.टी.च्या खिडकीला काच नव्हती आणि मी मुद्दाम तिथंच बसले, कारण गावाच्या फाट्यावर लोकांनी मला बघायला पाहिजे होतं. तो वारा लागला म्हणून पुढचं घडलं, असं आत्या मरेपर्यंत म्हणत होती. मी पुढं चाळीस वर्षं दवाखान्यात काढली, पण कशामुळे झालं ते छातीठोकपणे मलाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. आरशात पाहिलं. तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं, मांजराच्या मिशीला दोरा बांधून ओढावं तसं. आत्यानं कपाळावर हात मारला आणि लकवा झाला म्हणून घर डोक्यावर घेतलं. मी मात्र पुस्तक उघडलं. घाबरले होते, नाही असं नाही, पण त्याहून मोठा आनंद हा, की रोग आपणच ओळखला. सातवी नस. आणि तोंड उजवीकडे वाकडं, म्हणजे बिघाड उजवीकडे. एवढं तर शेळीलाही कळेल, असं मी घरच्यांना ऐकवलं.

मग सुरू झाली सेवा. आत्या एरंडाचं पान तव्यावर गरम करून माझा उजवा गाल शेकायची. मी मोहाचं तेल घेऊन तोच गाल चोळायची. पुस्तकात लिहिलं होतं, की या आजारात डोळा नीट मिटत नाही, म्हणून तो झाकून जपावा. मी उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली. डाव्या डोळ्यानं वाचायची. तो लाल होऊन सारखा वाहत होता, तर मी समजले, की एकट्यावर सगळा अभ्यास पडल्यानं बिचारा थकलाय.

चौथ्या दिवशी आत्यानं टोपलीखाली कबूतर आणून झाकलं. लकव्यावर कबुतराच्या रक्तानं मालीश करायची जुनी रीत आमच्याकडे. बा जिनमधून आला, त्यानं टोपली उचलली आणि पाखरू बाहेर सोडून दिलं.

"जीव मारून औषध करायचं नाई, ठरलं ना आपलं," तो आत्याला म्हणाला.

"तू ठरवलं. पोरीचं तोंड सरळ करून देतो का मग तू?"

बा रिकामी टोपली कोपऱ्यात ठेवून हातपाय धुवायला गेला. कबूतर मात्र गेलंच नाही. आमच्याच छपरावर बसून घुमायला लागलं आणि तो आवाज माझ्या डाव्या कानात ढोल बडवल्यासारखा आदळायचा. मी चिडून त्याच्यावर खराटा फेकला. जेवताना ठेचा जिभेच्या डाव्या शेंड्याला मातीसारखा लागायचा, तर मी आत्याला म्हणाले, तिखट कमी पडलं. पाणी डावीकडून गळतंय, घास डाव्या गालात अडकतोय, कान डावा, जीभ डावी, आणि आमची विदुषी उजवा गाल तेलात बुडवून बसलेली.

दिवस संपत आले, तोंड तसंच. प, फ, ब, म म्हणायला जावं तर ओठ मिळायचे नाहीत, नुसती हवा जायची. तोंडी परीक्षा बोलून द्यायची असते. आत्यानं आष्टीला निरोप धाडायची तयारी केली. मीही पुस्तकं बांधून ठेवली आणि बाला सांगितलं, की मी जात नाही, लोक हसतील.

बा दारात बसून पायाची भेग बघत होता. मान वर न करता म्हणाला, "तोंड वाकडं झालं तुयं. डोकं तं नाई झालं ना? उद्या चालजो माया संगं."

तो एक दिवसाची मजुरी सोडून माझ्यासोबत वर्ध्याला आला. खिडकीशी तो स्वतः बसला.

परीक्षक बाहेरगावचे म्हातारे डॉक्टर होते. आमच्या शिकवणाऱ्या बाई त्यांच्या शेजारी. मी डोक्याला पट्टी बांधून आत गेले तर दोघंही बघतच राहिले. डॉक्टरांनी विचारलं, हे काय. मी ऐटीत सांगितलं, उजवीकडच्या सातव्या नसेचा लकवा, डोळा जपते आहे. प्रत्येक वाक्याला तोंडातून फुर्र हवा.

ते म्हणाले, "पट्टी काढा. आता दोन्ही डोळे गच्च मिटा."

मी मिटले. आणि मला खोली दिसतच राहिली. बाईंचं घड्याळ दिसलं, डॉक्टरांचा चष्मा दिसला, त्यांच्या मिशीतलं हसू दिसलं. उजवा डोळा मिटला होता. डावा सताड उघडा होता.

डॉक्टरांनी मला शांतपणे विचारलं, "कोणती बाजू आजारी?"

त्या क्षणी पंधरा दिवस सगळे एकदम बोलायला लागले. गळणारं पाणी, मातीची चव, छपरावरचं कबूतर. आणि मला आठवला जिनमधला बा. दोन हमाल हुक लावून गाठ दोन्हीकडून ओढतात. एकाचा हात सुटला तर गाठ दुसऱ्याकडे घसरते. हात सुटलेला माणूस ओढत नाही, ओढतो तो धडधाकट.

मी तेच सांगितलं. डावी बाजू सुटली आहे, उजवी निरोगी आहे म्हणून ती तोंड ओढते. पंधरा दिवस मी निरोगी गाल शेकला, धड डोळा झाकला, आजारी तसाच उघडा टाकला. बाईंनी पदर तोंडाला लावला. मी थांबले नाही. जिभेच्या पुढच्या भागाची चव याच नसेबरोबर येते, म्हणून ठेचा लागेना. कानातला मोठा आवाज आवरून धरणारा इवलासा स्नायू हिच्याच हुकमातला, म्हणून कबूतर ढोल झालं.

"आणि बिघाड मेंदूत नाही कशावरून?"

मी भुवया उचलल्या. उजवीकडे आठ्या पडल्या, डावं कपाळ सारवल्यासारखं सपाट राहिलं, हे हातानं चाचपून दाखवलं. मेंदूतला झटका असता तर कपाळ बहुधा वाचलं असतं, कारण त्याला मेंदूच्या दोन्ही अंगांकडून हुकूम मिळतो. इथं कपाळही गेलं, म्हणजे नसच आजारी आहे. आणि नस आजारी असली तर बहुतेकदा बरी होते.

हे शेवटचं वाक्य मी परीक्षेसाठी म्हणाले नाही.

डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं पट्टी डाव्या डोळ्यावर बांधली. म्हणाले, इतकी शहाणी पेशंट आणि इतकी वेडी नर्स एकाच खुर्चीवर त्यांनी प्रथमच पाहिली. जाताना सांगितलं, की रोज शिट्टी वाजवून बघा. वाजली की समजा, नस परत आली.

बाहेर बा झाडाखाली बसला होता. पट्टी दुसऱ्या डोळ्यावर गेलेली बघून तो घाबरला. मी सांगितलं तर हसून हसून त्याला ठसका लागला.

घरी रोज शिट्टी वाजवायची, रोज हवाच जायची. आत्या म्हणे, पोरीच्या जातीनं शिट्टी वाजवू नये. पण एरंडाचं पान आता डाव्या गालावर ठेवायची. एके दिवशी तिच्याशी भांडताना माझी डावी भुवई किंचित उडाली. ती भांडण सोडून ओरडली, हलली वं, हलली. त्यानंतर मी तिच्याशी रोज मुद्दाम भांडले. औषध म्हणून.

निकालाचं पत्र आलं तेव्हा बा अंगणात उभा होता. मी पास झाले होते, आणि तोंडी परीक्षेत सगळ्यांच्या वर. बानं पत्र घेऊन कोनाड्यात पुस्तकांवर ठेवलं. मी ओठ जुळवले, फुंकले, आणि शिट्टी वाजली. लांब, सरळ, फाट्यापर्यंत जाईल अशी. छपरावरचं कबूतर भर्रकन उडालं.

आत्या चुलीपुढून ओरडली, "काऊन वं, लाज नाई वाटत?"

"वाजवू दे तिले," बा म्हणाला, "अजून एकदा वाजव."