माहिती देणारी मुलगी

"नाव?"

सायलीनं विचारलं. मला हसू आलं. वाटलं, गंमत करतेय. तीन वर्षं एका बाकावर बसलो आम्ही. माझ्या डब्यातली नाचणीची भाकरी ती खायची, तिच्या डब्यातली भेंडी मी. होस्टेलवर मला ताप आला तेव्हा हिनंच घरून मऊ भात करून आणला होता. आणि आज ती आमच्याच घरात, आमच्याच सतरंजीवर बसून, हातात पेन धरून मला विचारत होती. नाव?

"विसरलीस व्हय गं?" मी म्हणाले.

ती हसली नाही. तिनं मॅडमकडं बघितलं.

मॅडम म्हणाल्या, "माहीत असलं तरी विचारायचं. ती पद्धत असते. आणि तू गं, तू आज विद्यार्थिनी नाहीस. आज तू रिस्पॉन्डंट आहेस, माहिती देणारी. आईजवळ जाऊन बस."

मी उठले. आमच्या ऑनर्सच्या वर्गातल्या पोरापोरींच्या रांगेतून उठले आणि समोर, चुलीच्या अंगाला, आईजवळ जाऊन बसले. मध्ये फक्त सतरंजीची कड होती. तेवढी ओलांडली आणि मी पलीकडची झाले.

मी नाव सांगितलं. जात सांगितली, महादेव कोळी. घरात माणसं किती. जमीन आधी किती होती, धरणात किती गेली. आता काय पिकतं. शौचालय आहे का. सायली खाली बघून विचारत होती, खाली बघून लिहीत होती.

मग तिनं विचारलं, "घरात कोणी दारू पितं का?"

बा दारात उभा होता. कॉलेजची माणसं येणार म्हणून सकाळीच अंघोळ करून त्यानं लग्नकार्यातला सदरा घातला होता. माझ्या बानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही.

"न्हाई," बा म्हणाला.

पुण्याहून पाहुणे म्हणून आलेले एक सर होते. ते मॅडमकडं वळून इंग्रजीत म्हणाले, सगळे असंच सांगतात. मॅडम हसल्या. पोरं हसली. सायलीनं काहीतरी लिहिलं.

बाला इंग्रजी कळत नाही. सगळे हसले म्हणून तोही हसला. मला म्हणाला, "काय म्हनलं गं सायेब?"

"काय न्हाई. घर चांगलं ठेवलंय म्हनलं."

बा खूश झाला. "च्या टाक की मग," आईला म्हणाला.

त्या दिवशी मी माझ्या बाशी खोटं बोलले. ते खोटं मला कोणी बोलायला लावलं, ते आता सांगते.

आमचं गाव आहुप्याच्या रस्त्याला, धरणाच्या पाण्यावर आहे. पाण्यावर म्हणजे पाण्याच्या वर, डोंगराला चिकटून. खरं गाव खाली होतं. भाताची खाचरं, विहीर, माणसांची घरं, सगळं पाण्यात गेलं. माझा जन्म पाणी आल्यानंतरचा. मी खालचं गाव कधी बघितलं नाही, पण कुठल्या घराशेजारी कुणाचं घर होतं ते मला पाठ आहे. आमच्याकडं लहान पोरांना हेच सांगतात.

बारावीपर्यंत आश्रमशाळा. मग खाली मंचरच्या बाजूला कॉलेज. तिथं गेल्यावर मी 'व्हतं'चं 'होतं' केलं. 'न्हाई'चं 'नाही' केलं. रात्रंदिवस जिभेवर लक्ष ठेवलं. तीन वर्षांनी डिग्री मिळते. डिग्री घेऊन पोरी घरी जातात आणि त्यांची लग्नं होतात. माझ्यासाठीही स्थळ आलं होतं.

तेव्हा मॅडमनी मला थांबवलं. मॅडम म्हणजे आमच्या समाजशास्त्राच्या विभागप्रमुख. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला एकटीला बोलावलं. म्हणाल्या, "चौथं वर्ष कर. ऑनर्स कर, रिसर्च घेऊन. तुमच्या भागावर आजवर बाहेरच्यांनीच लिहिलं. आता आतल्यांनी लिहायला पाहिजे. तू लिहायला पाहिजेस."

असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी त्यांच्यासमोरच रडले. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवला. तो हात मी लई दिवस पाठीवर घेऊन फिरले. घरी जाऊन बाला सांगितलं. बानं स्थळ परत पाठवलं. "शिकतीया तर शिकू द्या," भावकीला म्हणाला.

विषय मीच निवडला. पाणी आलं तेव्हा आमच्या बायांचं काय झालं. जमिनीचं झालं ते सरकारी कागदावर आहे. बायांचं कुठंच नाही.

सुट्टी लागली की मी पाण्याच्या कडेकडेनं वाड्यावस्त्या फिरायचे. हिरडा गोळा करायला निघालेल्या बायांबरोबर जायचे. फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्यायचे. बाहेरचं कोणी आलं की आमच्या बाया पदर तोंडाला लावून गप्प होतात. माझ्याशी बोलल्या. का? तर मी त्यांची पोर होते.

आत्या बोलली. बाची थोरली बहीण. तीही आमच्याच गावात दिलेली. पाणी आलं तेव्हा ती बाळंतीण होती. सामान वर न्यायची घाई, वर पत्र्याची शेड, त्यात पावसाळा. पहिल्याच पावसाळ्यात तिचं पोर गेलं. हे मला माहीत नव्हतं. घरात कुणीच बोललं नव्हतं. आत्या म्हणाली, "त्या टायमाला सायेब आला व्हता, घरं मोजाया. म्या त्याला म्हनलं, माझं पोर बी मांडा. तो म्हनला, त्यो रकाना न्हाई."

मग माझा हात धरून म्हणाली, "तू लिही. पन तूच लिही."

मी सगळं बोलणं मॅडमना नेऊन दिलं. त्या म्हणाल्या, ऐकते सावकाश. मी स्वतःजवळ काही न ठेवता दिलं. मॅडमना नाही म्हणायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दिवाळीनंतर मॅडमनी बोलावलं. सायली आधीच तिथं बसली होती.

"तुझं काम चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण एक अडचण आहे. तू बाधित कुटुंबातली आहेस. रिसर्चला तटस्थपणा लागतो. तुझ्या लिहिण्यात बायस येणार, तो तुझा दोष नाही. तर हा विषय सायली लिहील. तू तिला माहिती दे. आभारात तुझं नाव येईलच. तुला मी आठवडे बाजार हा विषय देते, तोही छान आहे."

मी म्हणाले, "बरं मॅडम."

मोठा शब्द होता, तटस्थपणा. मोठा शब्द आला की मान खाली घालायची सवय आम्हाला लहानपणापासून लावलेली असते. मला खरंच वाटलं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. माझं घर बुडालं म्हणून माझं डोकंही अर्धं बुडालेलं असणार.

आणि मग ती फील्ड व्हिजिट. माझ्याच घरात.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कॉलेजला निघाले. आमच्या डोंगरातून गाडी खाली उतरते तेव्हा शेवटी एक वळण आहे. ते गेलं की कालवा लागतो. आमच्या धरणाचाच कालवा. काठोकाठ भरून चाललेला. आणि मग दोन्ही अंगाला ऊस. हिरवागार, डोक्याच्या वर गेलेला. मधनंमधनं द्राक्षाच्या बागा. आमच्या आया फेब्रुवारीपासून डोक्यावर हंडा घेऊन उतार उतरतात, समोर दिसणाऱ्या पाण्यापर्यंत. आणि इथं पाटाला पाणी खळखळत होतं.

त्यातच सायलीचं घर आहे. मी दोनदा जाऊन आलेय. बंगला. पुढं ट्रॅक्टर. तिच्या आईनं मला जेवायला वाढलं होतं, चांगल्या आहेत त्या. तिचे वडील सहज म्हणाले होते, "धरण झालं आणि आमचं सोनं झालं बघ."

गाडीत बसल्या बसल्या मला तो शब्द आठवला. तटस्थ.

धरणात जिचं घर गेलं तिला बायस. धरणावर जिचं घर उभं राहिलं ती तटस्थ. एवढी साधी गोष्ट. मला आधी का दिसली नाही? कारण ती मॅडमनी सांगितली होती. आणि मॅडमनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता.

नंतर कॉलेजच्या हॉलमध्ये ऑनर्सची प्रेझेंटेशनं झाली. बाहेरून परीक्षक आले होते, ते पुण्याचे सरही होते. आठवडे बाजाराचं मी काहीच लिहिलं नव्हतं, म्हणून मला मॅडमनी दारात गुलाबपाणी शिंपडायला उभं केलं होतं. म्हणाल्या होत्या, "तुमच्या पारंपरिक पद्धतीनं नेसून ये, छान दिसेल." मी साधा ड्रेस घालून गेले. त्यांनी फक्त बघितलं.

सायली बोलायला उभी राहिली. तिच्या पाठीमागं पडद्यावर माझ्या गावाचे फोटो येत होते. आमची चूल. माझ्या बाचा सदरा. मग आत्या आली. भिंतीएवढी मोठी. खाली लिहिलं होतं, प्रतिसादक भावनिक. कथनाची पडताळणी शक्य नाही.

तिचं पोर पडद्यावर एका ओळीत होतं. अर्भकमृत्यू, कारण अनिश्चित.

एका परीक्षकांनी विचारलं, "या बाई एवढी वर्षं गप्प का राहिल्या असतील?"

सायली गडबडली. तिनं कागद चाळले. कागदात कसं असणार? मॅडमनी हॉलच्या टोकाला बघितलं आणि मला हात केला. "ही सांगेल. ही तिथलीच आहे. ये गं पुढं, सांग सरांना."

सगळ्यांनी माना वळवल्या. माझ्या हातात अजून गुलाबदाणी होती. मी ती खुर्चीवर ठेवली.

"न्हाई सांगनार," मी म्हणाले.

कॉलेजात चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडातून 'न्हाई' निघालं. मी ते परत गिळलं नाही.

मॅडम हसून म्हणाल्या, "अगं, लाजू नकोस."

"लाजत न्हाई. मॅडम, धरणात माझं घर गेलं म्हणून मी पक्षपाती. मग धरणाच्या पाण्यावर हिचा ऊस आहे, तर ही कोण?"

सायलीनं मान खाली घातली. पुण्याचे सर घड्याळ बघायला लागले.

"बस खाली," मॅडम म्हणाल्या.

मी बसले नाही. चालत बाहेर आले.

केबिनमध्ये मॅडम मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू मला सगळ्यांसमोर असं बोललीस?" मी आत्याचं बोलणं परत मागितलं. म्हणाल्या, "ते आता डिपार्टमेंटचं आहे." मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुला झेपत नसेल तर सोड. तीन वर्षांची डिग्री मिळतेच ना. कमी का आहे ती तुमच्या घरात?"

तुमच्या घरात. शेवटी निघालंच तोंडातून. मी प्राचार्यांकडं अर्ज दिला. बघू, म्हणाले. अजून बघतायत.

सायली मला स्टँडवर भेटली. "नाही म्हटलं असतं तर माझंच ऑनर्स गेलं असतं गं," म्हणाली.

"माझं गेलं त्याचं काय?"

तिची गाडी आली. आमची लवकर येत नाही.

घरी गेले आणि बाला सगळं खरं सांगितलं. ते सर काय म्हणाले होते तेही. बा उठून दारात जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "माझ्या दाराशी परत कुनाला आनू नगं." ओरडून नाही. हळूच. तो सदरा त्यानं पुन्हा घातलेला मी बघितला नाही.

आत्याकडं गेले. ती भात पाखडत होती. मी बोलत राहिले, ती पाखडत राहिली. संपल्यावर म्हणाली, "म्या तुला दिलं व्हतं. तू त्यांना दिलंस." आणि आत गेली. परत बोल म्हणून मी विनवलं. "न्हाई," म्हणाली. आता वस्तीतल्या निम्म्या बाया मला बघून गप्प होतात. बाहेरचं कोणी आल्यासारखं. मॅडमनी माझा विषय घेतला, ते मी सोसलं असतं. त्यांनी मला माझ्याच माणसांत परकी केलं. हे मी त्यांना माफ करणार नाही.

मी ऑनर्स सोडलेलं नाही. डिपार्टमेंटमधले एक सर गाईड व्हायला तयार झालेत. निवृत्तीला आलेत. फार धाडसी आहेत असं नाही, त्यांच्याकडं कोणी विद्यार्थीच नव्हता. विषय तोच आहे. मी पहिल्यापासून सुरुवात केलीय. ज्या बाया बोलतात त्यांच्याशी बोलते, लिहिलेलं त्यांनाच आधी वाचून दाखवते. ज्या नाही म्हणतात त्यांचं लिहीत नाही. आत्या नाही म्हणालीय. तर तिचं पोर माझ्या लिहिण्यात येणार नाही. सायलीच्या प्रबंधात ते अजून तसंच आहे, एका ओळीत.

परवा सरांनी पहिलं प्रकरण वाचलं. लाल पेननं एका शब्दाभोवती गोल केला. ठिकठिकाणी. म्हणाले, "हे 'आम्ही' काढ. 'विस्थापित लोक' असं लिही. मार्क जातील."

"जाऊ द्या," मी म्हणाले.

"बाहेरचे परीक्षक येतात गं. नापास करतील."

"करू द्या. पुढच्या वर्षी परत बसेन. तेव्हाही 'आम्ही'च लिहीन."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी कागद गोळा केले आणि दुसरं प्रकरण लिहायला घेतलं. पहिला शब्द, आम्ही.