न दिलेली ओ

नाटे गावच्या हरिश्चंद्राने जन्मभर जहाजांच्या इंजिनांना तेल घातलं. ऑइलर म्हणून लागला, ऑइलर म्हणूनच सुटला. वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर. लेक राजश्रीला वाढवलं, तिचं लग्न लावलं, ते सगळं बायकोने, आनंदीने, एकटीने.

कायमचा घरी आला तेव्हा साखरेने आनंदीची नजर पार गेली होती. हॅम्बुर्ग बंदरात कधीतरी घेतलेली विजेवरची छोटी आगगाडी त्याने पेटीतून काढली आणि माजघरातल्या टेबलावर रूळ मांडले. वीतभर इंजिन, पण किरकिर अशी की शेजारचा धोंडू कुंपणावरून ओरडायचा, "ऑइलरच्या घरचं इंजिन, आणि रडतंय कसं बघा!" आनंदी मात्र ओटीवर बसून तासन्‌तास ऐकायची. आवाज आहे म्हणजे माणूस घरात आहे. हे तिने बोलून दाखवलं नाही, आणि त्याला कळलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी धोंडूचं बोलणं मनाला लागलं म्हणून त्याने इंजिन खोललं. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. स्पिरिटने चाकांचे दाते धुतले, नवं ग्रीस बेतानं लावलं, आणि सुईच्या टोकाने आसांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब दिला. जास्त झालं तर मोटरीत शिरतं, हे त्याला पाठ. गाडी सोडली. मांजराच्या पावलांनी निघाली. तो खुलला.

"अवो, कुठं गेलाव?" ओटीवरून आनंदीची हाक आली.

तो गप्प राहिला. गाडी चालू आहे नि हिला पत्ता नाही! येऊ दे जवळ, हात धरून इंजिनावर ठेवू, अशी गंमत त्याच्या मनात. दुसरी हाक आली. त्याला हसू आवरेना. तिसरी हाक घाबरलेली होती. तो उठेपर्यंत ती त्याला शोधायला भिंत चाचपत अंगणाकडे निघाली होती. पायरी चुकली. खुब्याचं हाड मोडलं.

रत्नागिरीच्या इस्पितळात तिने विचारलं, "तेव्हा कुठं गेलेलाव तुमी?"

"मागल्या दारी. नारळ बघायला."

"सांगून जावं माणसानं," ती म्हणाली, आणि त्याचा हात चाचपून धरला.

ऑपरेशन झालं, पण पुढे छातीत कफ साठला. विसाव्या दिवशी ती गेली.

तेरावं उरकल्यावर राजश्री बॅग भरत होती. "बाबा, म्हातारपणी पडतात माणसं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

"ती हाका मारत होती," हरिश्चंद्र म्हणाला. "तीन हाका. मी इथेच होतो. ऐकत होतो. ओ दिली नाही."

"का?"

"गंमत म्हणून."

राजश्रीने बॅगेची चेन लावली. निघताना नेहमीसारखी वाकून पाया पडली, पण नजर काही वर केली नाही. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत तो अंगणात उभा होता.