काट्यावरची एकच फाईल

लोहाऱ्याच्या डाळ मिलमध्ये मी वजनकाट्यावर बसतो. शाळा आठवीतच सुटली, घर लांब चिपळूणकडे. त्यामुळे कॉम्प्युटर अडला की चूक माझीच असणार, असं मला वाटतं.

काट्याचा प्रोग्राम लिहिणारा माणूस पेनड्राइव्ह आधी शर्टाला पुसतो आणि माझ्या माउसला कधीच हात लावत नाही. त्याचा प्रोग्राम म्हणजे पायथनच्या बऱ्याच छोट्या फायली: एक वजन घेते, एक पावती छापते. आमच्याकडे पायथनही नाही, नेटही नाही. म्हणून तो सगळं बांधून एकच चालणारी फाईल करून आणतो. एवढं तिच्यात मावतं कसं, याचं मला अजून नवल वाटतं.

एकदा त्याच्यासमोरच मी नवी फाईल लावली. वजन दिसलं, पण पावती निघेना. बाहेर तुरीच्या गाड्या खोळंबल्या. मालक माझ्यावर ओरडले, "कशाले हात लावला बे?"

"त्यानं काही नाही केलं, शेठ," तो म्हणाला. "छापाची फाईल पावतीच्या वक्तालेच लागते. बांधतानी माह्याकडूनच राह्यली."

लॅपटॉपवर त्यानं सगळं पुन्हा बांधलं, पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

"तुम्ही इथंच थांबा ना," मी म्हणालो.

"कायले? मी नसतानी बी चाललं पाह्यजे ते."

मी फाईल लावली, पावती सरकत बाहेर आली. त्यानं खिडकीतून विचारलं, "प्रोग्राम अजून काही मांगते का?"

"नाही."

आता दर सोमवारी त्याचा फोन येतो. "काही मांगते का?" मी नाही म्हणतो. मग तो विचारतो,

"अन् तू?"

घरून निघताना माझं काय मागे राहिलं, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.