तेजाबाला बरणी

बायको जाऊन आठ महिने झाले. भेटायला येणारे लांब तोंड करून बसतात, त्याचा मला वैताग येतो. ती स्वतः हसरी बाई होती. म्हणून तिचं एक लिहून ठेवतो. शाळा माझी चौथीपर्यंत. चुकलं तर सांभाळून घ्या.

पन्नास सालानंतरची गोष्ट. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका साखर कारखान्यात मी फिटरच्या हाताखाली हंगामी कामाला होतो. लग्नाला वरीस झालं होतं. बायको नरसिंहपूरच्या बाजूला आमच्या गावी, आईपाशी. कायम झालेल्यालाच कारखान्याची खोली मिळायची. मला खोली पाहिजे होती, म्हणजे बायको जवळ पाहिजे होती. खोटं कशाला बोलू?

हंगाम संपला की रस आटवायच्या भांड्यांत चुन्याची खपली धरलेली असते. ती काढायला आधी कॉस्टिक सोडा आणि मग तेजाब, म्हणजे ॲसिड, लागतं. कॉस्टिक लोखंडी टाकीत सुखानं राहतं. तेजाब काचेच्या मोठ्या बुधल्यांतून यायचं, आणि त्या साली रस्त्याच्या खड्ड्यांत दोन बुधले तडकले आणि कारखान्यात उतरवताना फुटले. शहाबादी फरशीवर नुसता फेस! आमचे केमिस्ट साहेब म्हणाले, "काचेत ठेवायचं नाही आता. रबर लावलेली टाकी मुंबईहून यायला दोन महिने. तोवर कशात ठेवू?"

मी पुढं झालो. "साहेब, आंबट पितळेत कळकतं म्हणून आमच्यात भांड्याला कल्हई करत्यात. टाकीला करू."

साहेब हसले. "टाकी नको, बादलीला कर. आणि लांब उभा राहा. जमलं तर तुला कायम करा असं मी वर सांगतो."

कल्हईवाला कुरकुरला, पण बादली आरशासारखी केली. तेजाब ओतलं. आधी बारीक बुडबुडे, मग उकळल्यासारखं, आणि दुपारच्या भोंग्याला बादलीचं बूड खाली, कडी माझ्या हातात. सगळं खातं हसलं. साहेबांनी मात्र दुसरं काही शोधायला आणखी पंधरा दिवस दिले.

सुट्टीला घरी गेलो तो तोंड पाडूनच. बायको कैऱ्या फोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि विळीवरनं मान वर न करता म्हणाली, "अवो, कल्हई आमटीला. लोणचं कुणी कल्हईच्या भांड्यात भरतं व्हय?"

"मग?"

"मग काय मग! चिनी मातीच्या बरणीत भरत्यात. वरीसभर खार मुरतो, बरणीला काय होतंय का?"

"तेजाब म्हंजे लोणचं न्हाय, अगं."

"न्हाय ना? मग बादली का खाल्ली त्यानं?"

आई पदराआड हसत होती. मग बायकोनं बरणी पारखायची रीत सांगितली. मिठाचं घट्ट पाणी भरून दोन-चार दिवस ठेवायची. बाहेरून पांढरं फुटलं तर आत चीर आहे, बरणी कच्ची.

बारामतीच्या बाजारातून सर्वांत मोठ्या सात बरण्या उचलल्या, मीठपाणी भरून दुकानदाराच्याच ओट्यावर मांडल्या. तो पेटला. "पाव्हणं, बरण्या घ्यायला आलाय का मिठागर काढायला?" चौथ्या दिवशी दोन बरण्यांच्या अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ दिसलं. मग त्यानंच गुपचूप बदलून दिल्या, त्याही पारखल्या.

साहेबांनी एका बरणीत तेजाब भरून तीन दिवस वाट बघितली. काही झालं नाही. मग सगळ्या भरल्या, वाळूत निम्म्या पुरून सावलीला ठेवल्या, आसपास एक खिळासुद्धा ठेवला नाही, कारण तेजाबाच्या नुसत्या वाफेनंच लोखंड गंजतं. साहेब म्हणाले, "मोठ्या कारखान्यांत असलीच मातीची भांडी असतात. पण लोणच्याच्या बरण्या माझ्या डोक्यात आल्या नाहीत. तुला कुणी सुचवलं?"

माझं म्हणून सांगावं असं क्षणभर वाटलं. पण ते पचलं नसतं.

"बायकोनं."

"मग तिलाच कायम करू का?"

"करा साहेब. खोली एकच लागंल."

पावसाळ्याच्या तोंडाला खोलीची किल्ली मिळाली. बैलगाडीतनं ती उतरली, आत शिरली, चारी भिंतींना हात लावून बघितला. मला वाटलं, आता काही गोड बोलेल. ती म्हणाली, "घागर घ्या आन् पाणी आणा, मला जमीन सारवायची हाय."

नळावर बाया होत्या. बाप्या घागर घेऊन आलेला बघून त्या खुसूखुसू हसायला लागल्या. मी म्हटलं, "हसा. आमच्या घरात बाई आलीया." आणि रांग मोडून पुढं घुसलो.