सहाचे पाच कोणी केले

उलबोसिनचा माणसांवर विश्वास कमी आणि घड्याळांवर त्याहून कमी. तिचे वडील कझाकस्तानच्या माळरानावरच्या एका लहानशा स्टेशनात सांधेवाले होते. फलाटावरचं घड्याळ मॉस्कोची वेळ दाखवायचं, घरातलं गावची. तिकिटावरची वेळ गावची समजून आलेली माणसं फलाटावर तासन्तास ताटकळायची. वडील म्हणायचे, "गावागणिक घड्याळ निराळं. रुळांचं एकच, म्हणून गाड्या एकमेकींवर आदळत नाहीत."

पुढे अल्माटीत मेजवानीच्या हॉलांसाठी तिने आरक्षणाची प्रणाली लिहिली, तेव्हा वडिलांचाच नियम पाळला. कुणी कुठलीही वेळ टाको, संगणकाने ती जगाच्या एकाच वेळेत बदलून साठवायची आणि दाखवताना शहराचा फरक मिळवायचा. सोबतचे तिला आदराने आपाय, म्हणजे ताई, म्हणत. ते म्हणाले, "आपाय, सहा म्हटलं तर सहाच लिहून ठेवलं तर?"

"कुणाचे सहा?" तिने संशयाने विचारलं.

मार्चच्या पहिल्या तारखेला सरकारने सबंध देशाची घड्याळं एक केली आणि अल्माटी तासभर मागे गेली. उलबोसिनने प्रणालीतला शहराचा फरक त्याच दिवशी बदलला.

एप्रिलात एका हॉलचा मालक बोलातखान याचा फोन आला. "आपाय, कुणीतरी तासावर हात मारतंय. सहाच्या मेजवान्या संगणकात पाचला झाल्यात!"

इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सहाचं आमंत्रण असलं की पाहुणे साडेसातला उगवतात. बेशबरमाक, म्हणजे मेजवानीचं मटण, निवतं म्हणून आचारी कुरकुरायचा, एवढंच. पण काल एका नवरीचे आजोबा, निवृत्त सैनिक, सगळं कुटुंब घेऊन सहाच्या ठोक्याला हजर झाले, तर वाढपी म्हणाला, "तासभर उशीर केलात!" म्हातारा लाल झाला. "जन्मभर लवकर येतो म्हणून शिव्या खाल्ल्या, आणि आज उशीर?"

बोलातखानचा संशय गल्ल्यावर बसून आरक्षणं टाकणाऱ्या गैनीवर होता. तिच्या मेहुण्याने पलीकडच्या रस्त्यावर नवा हॉल काढला होता. "माझं नाव खराब करतेय ती. खात्री करून द्या, आजच हाकलतो."

उलबोसिन गेली आणि गैनीशेजारी खुर्ची ओढून बसली. गैनीने पुढे केलेल्या चहाला तिने हात लावला नाही.

"मेहुण्याचा हॉल जोरात चाललाय म्हणे?"

"माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहिती, आपाय. हवं तर हात धरून बसा, तुमच्यासमोर टाकते." गैनीने एक आरक्षण टाकलं, सहाचं. ते सहाच राहिलं.

डोळ्यांदेखत कोण चोरी करतं, असं उलबोसिनच्या मनात आलं. मग तिला भाच्याचं लग्न आठवलं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉलमध्ये, मे महिन्यात. जानेवारीत तिने स्वतः आरक्षण टाकलं होतं, सहाला. गैनीने त्या हॉलचा उंबराही पाहिला नव्हता. तिने ते उघडलं.

पाच.

तिने ती नोंद आत कशी साठवली होती ते काढलं. जानेवारीतले सहा जुन्या फरकाने आत गेले होते आणि नव्या फरकाने बाहेर येत होते. होऊन गेलेल्या गोष्टींना वडिलांचा नियम बरोबर होता. पण पुढे व्हायच्या मेजवानीचे सहा त्या हॉलच्या दारावरचे, जगाचे नव्हेत. रूळ जागेवरच होते. सरकारने गाव हलवलं होतं.

बोलातखान दारातूनच म्हणाला, "सापडली का चोर?"

"सापडली. तुझ्यासमोर बसलीय. ती नव्हे, मी."

आठवड्याभरात तिने प्रणाली बदलली. पुढच्या तारखांना लोक सांगतील तीच वेळ आणि शहराचं नाव तसंच ठेवायचं. जगाच्या वेळेचा हिशेब त्या दिवशी करायचा. मार्चआधी टाकलेली आरक्षणंही एकेक तासाने पुढे सरकवून जागेवर आणली.

नवी प्रणाली बसवायला ती गेली, तेव्हा गैनी एका वयस्क गिऱ्हाईक बाईंशी फोनवर बोलत होती. "सहालाच ना, ताते, मावशी? नाही, संगणक सहाच म्हणतोय. म्हणून तर विचारतेय."

फोन ठेवून तिने चहाची वाटी पुढे सरकवली. "राग मानू नका, आपाय. आता तुमच्यावर विश्वास नाही बसत."

"नकोच बसू देऊस," उलबोसिन म्हणाली आणि चहा पिऊ लागली.